रोज वरण-भात-पोळी खाऊनही आईला प्रोटीन कमी? प्रोटीन पावडरचा डबा सुरू करू का?

नाशिकची_मनू

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आई आमच्याकडेच असते. वय ६७, वजन ५२. गेल्या दिवाळीत ५६ होतं. हळूहळू उतरलं त्यामुळे लक्षात पण आलं नाही, ब्लाउज ढगळ व्हायला लागले तेव्हा काट्यावर उभी केली. डॉक्टरांकडे नेलं, साखर थायरॉईड सोनोग्राफी किडनी सगळं झालं, सगळं व्यवस्थित. शेवटी ते म्हणाले की आहारात प्रोटीन कमी पडतंय, वाढवा. कसं वाढवायचं ते काही सांगितलं नाही, पुढचा पेशंट आत आला. खाली मेडिकलवाल्याने लगेच एक डबा हातात ठेवला, व्हॅनिला फ्लेवर, आईने एक घोट घेतला आणि म्हणाली खडूचं पाणी आहे, मला नको. वर भाचा जिमला जातो तो म्हणतो मावशी आजीला बीसीएए दे, त्यात डायरेक्ट अमायनो अ‍ॅसिड असतात, पचवायची पण गरज नाही.

आता माझा प्रश्न. आई शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि वरण, चार वाजता चहा आणि मुरमुऱ्याचा चिवडा, रात्री एक ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. रोज वरण आहे, दूध आहे, मग प्रोटीन कमी कसं काय? डाळीत प्रोटीन असतं हे शाळेपासून ऐकतोय ना आपण? आणि डबा द्यावा का, आणि हे अमायनो प्रकरण नक्की काय आहे, कुणी साध्या भाषेत सांगेल का.

---

वजनकाटा

मनूताई, धाग्याबद्दल धन्यवाद, आमच्या घरीही हाच विषय चालू आहे. मी डॉक्टर नाही, फूड टेक्नॉलॉजी शिकलोय आणि एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, तेव्हा आकड्यांपुरतं माझं ऐका.

आधी एक काम करा. रोज कुकरला डाळ किती लावता ते काट्यावर मोजा. वाटी-बिटी नको, ग्रॅममध्ये. आणि ती किती जणांत आणि किती वेळा जाते ते सांगा. "रोज वरण आहे" यातून काहीच कळत नाही, कारण वरणात डाळ किती आणि पाणी किती हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. आमच्या मेसचं वरण इतकं पारदर्शक असायचं की ताटाच्या तळाचं नाव वाचता यायचं.

---

नाशिकची_मनू

मोजलं. आणि आता थोडी लाज वाटतेय.

चौघांना मिळून दिवसभराची तूरडाळ ९० ग्रॅम. दुपारी वरण, रात्री उरलेल्याला फोडणी घालून आमटी, ती आई खातच नाही. म्हणजे माणशी साडेबावीस ग्रॅम. त्यात आईला घट्ट वरणाने पोटात जड वाटतं म्हणून ती वरचं पाणीच जास्त घेते, खालचं घट्ट मुलांच्या ताटात.

---

वजनकाटा

लाजू नका, बहुतेक घरांत हेच निघेल.

तर हिशोब. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रोटीन. साडेबावीस ग्रॅम डाळ म्हणजे ५ ग्रॅम प्रोटीन, तेही आईने घट्ट वरण खाल्लं तर. दोन पोळ्यांना साठेक ग्रॅम कणीक धरली तर ६ ते साडेसहा. थोडा भात म्हणजे ३० ग्रॅम तांदूळ, सव्वादोन-अडीच. ज्वारीची एक भाकरी ५० ग्रॅम पिठाची, ५. दोन्ही चहाचं मिळून १०० मिली दूध, सव्वातीन. टोस्ट दीड, चिवडा दोन, दोन्ही वेळच्या भाज्या तीन, पातळ ताक दीड. बेरीज करा, ३० च्या आसपास येते.

आता हवं किती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे आहेत त्यात मोठ्या माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम. आईचे ५२ किलो, म्हणजे ४३ ग्रॅम. आणि साठी-पासष्टी ओलांडलेल्यांसाठी बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ धरतात, म्हणजे ५२ ते ६२. मिळतंय ३०. डॉक्टर बरोबर बोलले, फक्त पुढचं वाक्य बोलले नाहीत.

आणि गंमत बघा, ३० पैकी निम्म्याहून जास्त पोळी-भाकरी-भात-टोस्ट-चिवड्यातून येतंय. डाळीतून जेमतेम पाच. आपण ज्याला डाळ-भात म्हणतो तो खरा भात-डाळ आहे.

---

बायसेप_बंड्या

वहिनी भाच्याचं अगदीच चूक नाही, बीसीएए मसलसाठीच असतं. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. मी दोन वर्षं घेतोय फरक पडतो.

---

उकडीची_वीणा

बंड्या, तुझा फरक बीसीएएने पडला की त्याच दोन वर्षांत तू रोज सहा अंडी पण खायला लागलास त्याने पडला? हलके घ्या.

मनू, मी बायोकेमिस्ट्री शिकवायचे (आता रिटायर), अमायनोचं मी सांगते. आपल्या शरीरातली सगळी प्रोटीन्स २० अमायनो आम्लांपासून बनतात. त्यातली ११ शरीर स्वतः जुळवून घेऊ शकतं. उरलेली ९ बाहेरूनच, जेवणातूनच यावी लागतात: हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मेथिओनिन, फिनाइलअ‍ॅलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन. यांना आवश्यक अमायनो आम्लं म्हणतात. यातलं थ्रिओनिन सगळ्यात शेवटी सापडलं, १९३५ साली, अमेरिकेत विल्यम रोझ नावाच्या माणसाला. तो उंदरांना शुद्ध अमायनो आम्लांचं मिश्रण खायला घालत होता आणि तेव्हा माहीत असलेली सगळी घालूनही उंदीर वाढेनात, म्हणजे काहीतरी एक राहत होतं, ते हे.

आता मुद्द्याचं. उकडीचे मोदक करतो तेव्हा काय होतं? उकड भरपूर उरली आणि सारण संपलं तर पुढचा मोदक होत नाही. उरलेल्या उकडीच्या आपण निवगऱ्या करतो. शरीरातही तसंच आहे. प्रोटीन बांधताना नऊपैकी एक जरी संपलं की तिथेच काम थांबतं, बाकी आठ कितीही शिल्लक असोत. आणि ती शिल्लक शरीर साठवून ठेवत नाही, चरबीसारखं अमायनोचं कोठार नसतं, जाळून टाकतं आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो. त्या झाल्या निवगऱ्या.

तर गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांचं सारण म्हणजे लायसिन, ते आधी संपतं. गव्हाच्या १ ग्रॅम प्रोटीनमध्ये जेमतेम २७-२८ मिलिग्रॅम लायसिन, मोठ्या माणसाच्या जेवणात दर ग्रॅम प्रोटीनमागे लागतं ४५. तूर, मूग, हरभरा यांत तेच ६५-७०. डाळींचं उलटं, त्यांच्यात मेथिओनिन कमी, ते धान्यांत बऱ्यापैकी आणि तिळात तर छानच. म्हणून दोन्ही एकत्र आले की एकाचं उणं दुसरा भरतो. आणि एकाच घासात यायला पाहिजे असं काही नाही हं, पूर्वी तसं सांगायचे, आता नाही. दिवसभरात आलं तरी चालतं.

बीसीएए म्हणजे नवातली तीनच. तीन वाट्या उकड अजून आणून दिलीस, सारण कुठाय? आणि "पचवायची गरज नाही" हे तर राहूच दे, आईचं पोट पोळीतलं प्रोटीन व्यवस्थित सोडवतंय, अडचण तिथे नाहीच.

---

भाकरी_ठेचा

वीणाताई निवगऱ्यांचं उदाहरण __/\__

म्हणजे आमची थालीपिठाची भाजणी काय उगाच नव्हती तर. ज्वारी बाजरी गहू तांदूळ आणि वर हरभराडाळ उडीदडाळ. मेतकूट पण तसंच. आणि पुरणपोळी? गहू अधिक हरभराडाळ, म्हणजे मी आता अपराधी न वाटता तीन खाऊ का?

---

उकडीची_वीणा

अमायनोच्या हिशोबात पास, गुळाच्या हिशोबात तुझं तू बघ. आणि कटाची आमटी करायला विसरू नकोस.

भाजणीबद्दल एकच. खमंग भाज, काळपट नको. कोरड्या उष्णतेत साखरेशी जुळून लायसिन बाद होतं, तपकिरी रंग आणि तो खमंग वास त्यातूनच येतो. भाजणीत डाळी असतात त्यामुळे थोडं गेलं तरी चालतं, पण टोस्ट, खारी, बिस्किटं यांत गव्हाचं मुळातच कमी असलेलं लायसिन आणखी कमी होतं. मनू, आईचे सकाळचे दोन टोस्ट म्हणून मला खटकले.

---

जुना_सांख्यिक

चर्चा छान चालली आहे, पण एक विरोधी सूर लावतो. हे प्रोटीन प्रोटीन म्हणून ओरडणं नवीन नाही. १९६० च्या दशकात सगळ्या जगात हीच हाकाटी होती. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये प्रोटीनचं संकट येऊ घातलंय म्हणून अख्खा अहवाल काढला होता, माशांचं पीठ काय, पेट्रोलियमवर वाढवलेले जंतू काय, वाट्टेल ते खायला घालायच्या योजना होत्या. त्या वेळी ठामपणे "हे चूक आहे" म्हणणारा माणूस आपला मराठी होता, डॉ. पां. वा. सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. १९५१ पासून जवळपास वीस वर्षं ते एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, संख्याशास्त्राचं काम बघत होते, रोमला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की भारतातला गरीब माणूस जे धान्य खातो ते पोटभर खाल्लं तर प्रोटीन आपोआप पुरेसं मिळतं, तुटवडा प्रोटीनचा नाही, भाकरीचा आहे. पोट अर्धं रिकामं असलं तर खाल्लेलं प्रोटीनसुद्धा शरीर सरपण म्हणून जाळतं, मग वरून कितीही पावडरी ओता. पुढे १९७४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मॅक्लॅरन यांनीही या सगळ्या प्रकाराला फसगत म्हटलं.

तेव्हा ताई, आई एकूणच कमी जेवते आहे का, हे आधी बघा.

---

वजनकाटा

काका, सुखात्म्यांबद्दल पूर्ण आदर आहे आणि सरपणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो हिशोब त्या काळच्या गरजेवर बेतलेला होता ना. १९८५ च्या एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालातसुद्धा मोठ्या माणसाची लायसिनची गरज किलोमागे रोज १२ मिलिग्रॅम धरलेली होती. तेवढीच लागत असेल तर नुसती पोळी खाऊनही भागतं. नंतर बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये अनुरा कुरपाड आणि मंडळींनी भारतीय माणसांवरच प्रयोग केले, खुणेचा कार्बन असलेलं अमायनो आम्ल द्यायचं आणि श्वासातून तो किती बाहेर पडतो ते मोजायचं. त्यातून आणि तशाच इतर कामांतून निघालं की गरज त्याच्या अडीचपट आहे. २००७ च्या अहवालात आकडा ३० झाला.

आता मनूताईंच्या आईंचं गणित: ५२ गुणिले ३० म्हणजे १५६० मिलिग्रॅम लायसिन. जेवणातून ढोबळ हिशोबाने १३००-१४०० च्या घरात येतंय, त्यातलं न पचणारं वेगळंच. जुन्या आकड्याने त्या पास होत्या (१२ ने ६२४ च लागतात), नव्याने नापास. पोळ्यांनी हे भरायचं तर रोज आणखी दोन-तीन पोळ्या लागतील आणि त्यांच्याने तेवढं जाणार नाही. पण डाळ माणशी साडेबावीसऐवजी ५० ग्रॅम केली तर एकट्या त्या बदलाने ४०० मिलिग्रॅम वाढतं. म्हणजे वरण घट्ट करा, एवढंच.

---

जुना_सांख्यिक

आकडा बदलला हे मान्य. मी जुन्याच अहवालावर अडकलो होतो. पण मग सुखात्मे आणि तुमचा निष्कर्ष फार लांब नाहीत, दोघंही डब्याच्या विरोधातच.

---

डायलिसिस_दादा

मधे बोलतो. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. मनूताईंनी आईची किडनी तपासली असं लिहिलंय, उत्तम. पण हा धागा वाचून कुणी उद्यापासून आपल्या बाबांना वरणाची पातेली पाजायला लागेल म्हणून सांगतो, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा. किडनी आधीच कमजोर असेल, डायलिसिस चालू झालेलं नसेल, तर प्रोटीन कमी ठेवायला सांगतात, किलोमागे ०.६ ते ०.८ च्या आसपास, कारण जो युरिया वीणाताई म्हणाल्या तो बाहेर टाकायचं काम तिथेच अडतं. आणि डायलिसिस सुरू झालं की उलट, १ ते १.२ द्यावं लागतं, कारण प्रत्येक वेळी अमायनो आम्लं मशीनमधून निघून जातात. आमच्याकडे लोक हमखास गोंधळतात, आधी डाळ बंद सांगितलेली असते ती डायलिसिसवर आल्यावरही बंदच ठेवतात आणि माणूस वाळत जातो. हे तुमच्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, धाग्यावर नाही.

किडनी धड असेल तर ५०-६० ग्रॅमने काही होत नाही.

आणि वजन आपोआप उतरतंय तर दोन-तीन महिन्यांनी परत डॉक्टरांना दाखवा, प्रोटीनवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका.

---

मालवणी_मसालो

सुक्या बोंबलात शंभराला साठेक ग्रॅम प्रोटीन असता. एवढाच सांगून जातंय. 😄

---

नाशिकची_मनू

मालवणी दादा, आईने हे वाचलं तर मला घरात घ्यायची नाही.

बाकी सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. दोन शंका. एक, मूग-मटकीला मोड आणले की प्रोटीन दुप्पट होतं असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते खरं का? दोन, आईचे उपास. गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स. त्याचं काय?

---

उकडीची_वीणा

मोड: नाही. दाण्यात जेवढं होतं तेवढंच राहतं, उलट पाणी शिरल्याने वाटीभर मोडांत वाटीभर सुक्या मुगांपेक्षा कितीतरी कमी असतं. मोडांचा फायदा दुसरा आहे, पचायला सोपे होतात, क जीवनसत्त्व येतं. कच्च्या कडधान्यात प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला अडवणारी द्रव्यं असतात, ती भिजवून-शिजवून बरीच जातात, म्हणून आईला कच्चे मोड देऊ नकोस, उसळच दे.

साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रोटीन जवळपास शून्य. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. तेव्हा कूट दुप्पट घाल. नाहीतर राजगिरा, त्याचं प्रोटीन १३-१४ टक्के आणि धान्यांत जे कमी ते लायसिन त्यात चांगलं. राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी, वर वाटीभर दही. उपासाच्या दिवशी आई बाकी दिवसांपेक्षा बरं जेवेल, बघ तू.

---

जर्सीकर_सुन्या

इथे न्यू जर्सीत बसून वाचतोय. सासूबाई आल्या होत्या सहा महिने, हाच प्रॉब्लेम. इथलं ग्रीक योगर्ट सुरू केलं, त्यांनी पहिल्याच दिवशी चमचा तोंडात घालून सांगितलं, हा तर चक्का आहे. अगदी बरोबर, पाणी काढलेलं दही, १०० ग्रॅममध्ये नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन, साध्या दह्यात तीन-साडेतीन. मनूताई, रात्रीच्या पातळ ताकाऐवजी थोडा चक्का मीठ-जिरं घालून देऊन बघा. आणि निथळलेलं पाणी फेकू नका, कणकेत घाला. जिमवाल्यांच्या डब्यातलं व्हे प्रोटीन म्हणजे चीज करताना निघणारं असलंच पाणी, गाळून वाळवून त्याची पावडर.

माझा डब्याला विरोध नाही पण. चावता येत नसेल, ऑपरेशन झालं असेल, भूकच नसेल तर डबा कामाचा आहे. फक्त पाठीमागचं लेबल वाचा, १०० ग्रॅममागे प्रोटीन किती आणि साखर किती.

---

वजनकाटा

लेबलबद्दल लॅबवाला म्हणून अवांतर, लांबलं तर माफ करा. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. इथेच चोरवाट आहे. नायट्रोजनवालं काहीही स्वस्त टाकलं की आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं गेलं ते याचसाठी, लाखो बाळं आजारी पडली त्यात. प्रोटीन पावडरीत एवढा भयंकर प्रकार नाही, पण ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्यं घालून आकडा वाढवण्याची युक्ती चालते. लेबलवर "२४ ग्रॅम" वाचून खूश व्हायच्या आधी घटकांची यादी वाचा, ग्लायसिन वेगळं लिहिलेलं दिसलं तर शंका घ्या.

तसंच हल्ली कोलॅजनची पावडर फार चाललीय, त्वचा, सांधे, केस. प्रोटीन म्हणून तिचा भरवसा धरू नका, तिच्यात ट्रिप्टोफॅन नसतंच. वीणाताईंच्या भाषेत बिनसारणाचा मोदक. शिवाय ती प्राण्यांच्या कातड्या-हाडांची किंवा माशांची असते, शाकाहारी मंडळींनी हे ध्यानात घ्या.

---

सोलापुरी_चटणी

आमच्या ज्वारीबद्दल कुणी चार शब्द चांगलं बोलंना झालंय. दोन वेळ कडक भाकरी खाऊन आमची आज्जी नव्वदीपर्यंत रानात जात होती बघा.

---

उकडीची_वीणा

भाकरीला नावं ठेवत नाहीये हो. पण ज्वारीची एक गोष्ट सांगते, अमायनोंचीच आहे. पूर्वी दख्खनमध्ये, हैदराबादच्या आजूबाजूला, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात राहणारी कातडी काळी पडून सोलवटायची, जुलाब, डोकं भ्रमिष्ट. जगभर हा रोग मक्यावर जगणाऱ्यांचा म्हणून ओळखला जायचा, मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व बनवतं, ६० मिलिग्रॅमपासून १, आणि नायसिन कमी पडलं की पेलाग्रा. पण ज्वारीत ट्रिप्टोफॅन तर ठीक होतं, मग का? तिथल्या पोषण संशोधन संस्थेच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन फार जास्त आहे आणि ते जास्तीचं ल्युसिनच नायसिनच्या कामात आडवं येतं. पुढे यावर बरेच वाद झाले, सगळ्यांना तसं आढळलं नाही. पण एखादं अमायनो जास्त झाल्यानेही बिघडू शकतं हा विचार तिथे आला. (बंड्या, ऐकतोयस ना, ल्युसिन.)

तुमच्या आज्जी भाकरीबरोबर काय खायच्या?

---

सोलापुरी_चटणी

शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं, दही. पिठलं तर रोजच.

---

उकडीची_वीणा

मग झालं की!

---

बायसेप_बंड्या

ऐकतोय काकू. पण ल्युसिनबद्दल एक तरी पॉइंट माझा घ्या, स्नायू बांधायला सुरुवात करायचा सिग्नल ल्युसिनच देतं, आणि म्हाताऱ्यांचे स्नायू त्या सिग्नलला बहिरे होतात म्हणून त्यांना एका जेवणात जास्त प्रोटीन लागतं. आमचा ट्रेनर पण हेच सांगतो.

---

वजनकाटा

बंड्याचा हा मुद्दा मात्र बिनचूक आहे, द्यायलाच पाहिजे. म्हणून वयस्कर लोकांना प्रोटीन दिवसभरात चिमूट-चिमूट न देता प्रत्येक मुख्य जेवणात भरीव द्या म्हणतात. आईंचं सकाळी जवळपास काहीच नाही, रात्री आठ ग्रॅम. सकाळी टोस्टऐवजी मुगाचं धिरडं किंवा थालीपीठ-दही, रात्री भाकरीबरोबर पिठलं (माणशी ३० ग्रॅम बेसन धरा, साडेसहा ग्रॅम प्रोटीन), चार वाजता चिवड्यात मूठभर दाणे, २० ग्रॅम म्हणजे ५. वाटीभर घट्ट दही ५. वरण घट्ट केल्याचे ६. तीसवर हे चढवलं की ५२ च्या पुढे जातं, डब्याशिवाय.

आणि नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम पण पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघे दुखत असतील तर कुणाला तरी विचारून.

---

नाशिकची_मनू

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

डाळ ९० वरून २०० ग्रॅम केली, चौघांची. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला आज वरण आहे की पिठलं. आई वरचं पाणीच घ्यायची म्हणून तुरीऐवजी मूगडाळ लावून रवीने एकजीव घोटायला लागले, आता वर पाणी राहतच नाही, आणि जड पण वाटत नाही म्हणते. सकाळचे टोस्ट बंद करायला तयार नाही, एकावर आलीय, सोबत धिरडं. रात्री आलटून-पालटून पिठलं, चक्का, मसूर. एकादशीला राजगिरा केला तर शेजारच्या काकूंना पण डबा गेला. वजन ५२.४. तीन आठवड्यांत चारशे ग्रॅम म्हणजे काही नाही, सकाळच्या-संध्याकाळच्या काट्यात तेवढा फरक पडतो, कळतंय मला. पण उतरायचं थांबलंय. दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं आहेच.

अडचण एकच, मटकीच्या उसळीने गॅस. रात्री झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलत नाही.

---

भाकरी_ठेचा

मटकी सध्या राहू दे, मुगाची कर. रात्रभर भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, फोडणीत हिंग-ओवा, आणि उसळ दुपारी, रात्री नाही. अर्ध्या वाटीपासून सुरू कर, पोटाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

---

नाशिकची_मनू

बरं, उद्याच करते. आणि तो व्हॅनिलाचा डबा एक घोट सोडून तसाच पडलाय, झाकण उघडलेला. मेडिकलवाला परत घेणार नाही ना?

---

बायसेप_बंड्या

भाच्याला द्या वहिनी. नाहीतर मला.